लाईट घे म्हणजे काय घेऊ?



पर्युषण झाले, स्थानक पुन्हा नेहमीसारखं शांत झालं, आणि माझ्या डोक्यात मात्र एक शब्द अजून फिरतो आहे. शब्द आपला नाही, इंग्रजी आहे. पण आपल्या घरांत तो इतका रुळलाय की तो इंग्रजी आहे हे लहान मुलांना सांगावं लागतं. लाईट.

एक दिवस मी सहज लक्ष ठेवलं. पहाटे पाण्याची मोटार लावायची म्हणून आमचे हे विचारतात, "लाईट आहे का?" म्हणजे वीज. सासूबाई स्थानकातून आल्या आल्या विचारतात, "जिन्यातली लाईट कुणी चालू ठेवली?" म्हणजे बल्ब. दुकानातला मुलगा लाईट भरून येतो, म्हणजे बिल. नव्या माणसाला पत्ता सांगायचा तर तिसऱ्या लाईटीपासून डावीकडे, म्हणजे खांब. समोरचा मोटरसायकलवाला डोळ्यांवर लाईट मारतो, ओट्याखाली झाकण गडगडत गेलं की मोबाईलची लाईट लावायची. पाहुण्यांना चहा जरा लाईट हवा असतो. मुलाचा पेपर लाईट गेला. नातीचा ताप कालपेक्षा लाईट आहे. अठ्ठाईच्या पारण्याला काय द्यायचं, तर लाईटच, मुगाचं पाणी, थोडी राब. साडीचा रंग लाईट, पाऊस लाईट, आणि शेवटी कुणाला काही लागलं, मनाला हं, की लाईट घे.

एवढं सगळं एका शब्दात बसतं आणि कुणाचा गोंधळ होत नाही. माझी पुण्याची जाऊ "लाईट गेले" म्हणते, अनेकवचनात, जणू चार पाहुणे उठून गेले. आमच्या कड्यात "लाईट गेली", एकटी बाई रुसून माहेरी निघावी तशी. आणि ती परत आली की सगळ्या गल्लीत पोरं ओरडतात. तसं स्वागत खऱ्या बाईचंही होत नाही. 'वीज' हा शब्द आम्ही आभाळासाठी राखून ठेवलाय. दुकानात कुणी "वीज आली" म्हटलं तर गिऱ्हाईक आधी वर बघेल. 'विद्युत पुरवठा' फक्त नोटिशीत असतो. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले, महावितरण आलं, त्याला वीस वर्षं झाली, पण बिल अजून एमएसईबीचंच येतं.

त्याच सुमाराची वर्षं तुम्हाला आठवत असतील. खेड्यापाड्यांतून दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन. शब्द बघा कसा आहे, भारनियमन. भार जास्त झाला म्हणून लाईट जाते.

आमचं दुकान किराण्याचं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका सामान न्यायला येतात, टेकतात, बोलतात. त्यांच्या तोंडी आठवड्याचं वेळापत्रक एकच: "या आठवड्यात रात्रीची लाईट हाय." शेतीपंपांची वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कांद्याला पाणी द्यायला मध्यरात्री उठायचं. नवरा दारं धरणार, ही बॅटरी घेऊन बांधावर उभी राहणार. साप, विंचू, थंडी. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, डिसेंबरमध्ये त्याला करमाळ्याकडे गोळी घातली, तोवर इकडच्या शेतांत काय अवस्था होती ते मी दुकानात बसून ऐकलं आहे. एक जण म्हणाली होती, "लाईट आली का पोटात गोळा येतो." लाईट आल्यावर पोटात गोळा येणारी माणसं आपल्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर राहतात, हे आपण घरात पंख्याखाली बसून विसरतो. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना काढली, हळूहळू काही ठिकाणी दिवसाची लाईट येऊ लागली आहे. आणि जिल्हा आमचा कोणता? परळीच्या औष्णिक केंद्राचा. १९७१ पासून तिथे वीज तयार होते. २०१५ च्या दुष्काळात तर पाणीच नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. असो. सांगायचं एवढंच की त्या बायकांच्या तोंडचा लाईट हा शब्द हलका नाही.

आमच्या सासूबाईंच्या तोंडचाही नाही, पण वेगळ्या कारणाने.

आपण बहुतेक जणींनी लहानपणी पाथर्डी बोर्डाच्या परीक्षा दिल्या आहेत. पच्चीस बोलांमध्ये सहा काय घोकले आहेत: पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय, वायुकाय, वनस्पतिकाय, त्रसकाय. मी ते पाठ केले आणि परीक्षा पास झाले. सासूबाई ते जगतात. तेउकाय म्हणजे अग्नीचे जीव, आणि लाईट म्हणजे अग्नीच, त्यामुळे बटण दाबणं हे त्यांच्या लेखी एक काम आहे, करावं की न करावं असा विचार करून करायचं काम. सगळ्यांचं मत असं नाही, हे मलाही ठाऊक आहे. तेरापंथात विजेला अचित्त मानतात. आपल्या श्रमण संघातही, १९५२ साली सादडीला संघ झाला त्यानंतर, ध्वनिवर्धक वापरायचा की नाही यावर वर्षानुवर्षं चर्चा झाल्या. ते मोठ्यांचं झालं. आमच्या घरी निर्णय सासूबाईंचा.

त्या सामायिकात बसल्या की ४८ मिनिटं बटणाला हात नाही, आणि दोन करण तीन योगांनी पच्चखाण असल्याने दुसऱ्याला सांगणंही नाही. अंधार पडू द्या, पंखा बंद राहू द्या. माझा मुलगा लहान असताना त्यांची परीक्षा घ्यायचा. मुद्दाम समोर जाऊन उभा राहायचा, "आजी, लाईट लावू?" त्या हूं की चूं करायच्या नाहीत. फक्त कधी कधी खाकरायच्या. तो लाईट लावायचा. मी एकदा नंतर विचारलं, "तुम्ही खाकरला होतात ना?" तर म्हणाल्या, "घसा माझा आहे, त्याला पच्चखाण नाही." यावर मी काय बोलणार.

चौविहाराचंही तसंच. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आत मावळतो, दुकानातून माणसं तोवर घरी येत नाहीत, तरी ताटं वेळेवर. आता मुलं वाद घालतात. पूर्वी दिवे नव्हते, अंधारात किडामुंगी दिसायची नाही म्हणून रात्री जेवत नव्हते, आता एवढी पांढरीशुभ्र लाईट आहे, वरणातला मोहरीचा दाणासुद्धा दिसतो, मग काय हरकत? सासूबाईंचं उत्तर एका ओळीचं असतं. "लाईटीकडं किडे येतात. सूर्याकडं जातात का?" पावसाळ्यात ट्यूबखाली पाखरांचा जो खच पडतो तो झाडून काढणाऱ्या बाईला हे उत्तर लगेच कळतं. त्यांच्या हिशेबात लाईट कितीही लखलखीत असली तरी तिने दिवस होत नाही.

दिवाळीत माळा लावायच्या वेळी आमच्याकडे दरवर्षी थोडी कुरकूर होते. मुलांना गच्चीपासून खाली लोंबणाऱ्या लायटिंगच्या माळा हव्या असतात. सासूबाई नाही म्हणत नाहीत, पण त्या रात्री जप करतात आणि गोष्ट सांगतात. पावापुरीला भगवंतांचं निर्वाण झालं तेव्हा नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी असे अठरा गणराजे तिथे होते. त्यांनी ठरवलं की भावाचा उजेड तर गेला, आता निदान द्रव्याचा उजेड करू. म्हणून दिवे लावले. म्हणजे आपली दिवाळी लाईट गेली तिथून सुरू होते. माझ्या मुलीने हे एकदा असंच म्हटलं, "म्हणजे आजी, त्या दिवशी मोठी लाईट गेली आणि लोकांनी मेणबत्त्या लावल्या." सासूबाईंना भाषा आवडली नाही, पण चूक काढता आली नाही.

ही मुलगी आता नगरला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. (२०२२ च्या सप्टेंबरात आष्टीची रेल्वे सुरू झाली, पण ती एसटीनेच जाते. नगरचं नाव अहिल्यानगर झालं, आम्ही सवयीने नगर म्हणतो.) मी तिला विचारलं की एवढ्याशा शब्दात उजेडही आणि हलकंपणाही, हे कसं? ती म्हणाली, "मम्मी, हे दोन वेगळे शब्द आहेत. फिरत फिरत येऊन एका स्पेलिंगमध्ये राहायला लागलेत. उजेडवाली लाईट आपल्या रुचि, रोचन या शब्दांच्या नात्यातली. हलकी लाईट आपल्या लघु शब्दाच्या नात्यातली." मग तिने आणखी एक सांगितलं. लघुचं प्राकृतात लहु झालं, अक्षरं उलटीपालटी होऊन हलु झालं, आणि त्यातून आपलं हळू आलं. हळूहळूमधलं हळू.

मला एकदम हळुकर्मी आठवलं. आपल्याकडे व्याख्यानात म्हणतात ना, हा हळुकर्मी जीव आहे, उपदेश लगेच लागला. म्हणजे ज्याच्या कर्माचा भार कमी आहे तो. तर इंग्रजीतली ती हलकी लाईट आणि आपला हळुकर्मी, दोघे लांबचे का होईना, भाऊबंद निघाले. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना इंग्रजीचं कौतुक नाही, पण हे ऐकून त्या उठल्या आणि ज्ञातासूत्राची पोथी काढून बसल्या. आमच्या गावातल्या शाळा-कॉलेजांना ज्यांचं नाव आहे त्या अमोलक ऋषीजी महाराजांनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करून ठेवला, त्यामुळे आमच्यासारख्या घरातल्या बायकाही आगम उघडून बघू शकतात. सहाव्या अध्ययनात तुंब्याची गोष्ट आहे. कोरडा तुंबा, भोपळ्याचा, पाण्यावर तरंगणाराच. पण त्यावर गवत गुंडाळून मातीचा लेप दिला, वाळवला, पुन्हा दिला, असे आठ थर दिले की तो तळाला जातो. मग पाण्यात थर एकेक करून भिजतात, सुटतात, आणि शेवटचा सुटला की तुंबा आपोआप वर येतो. आठ थर म्हणजे आठ कर्मं, हे सांगायला नकोच.

आणि जड-हलकं हा प्रश्न भगवंतांना कुणी विचारला होता? एका बाईने. भगवती सूत्राच्या बाराव्या शतकात कौशांबीच्या जयंती श्राविकेचे प्रश्न आहेत. झोपलेलं बरं की जागं, बलवान असणं बरं की दुर्बळ, असे एकाहून एक प्रश्न आहेत, आणि त्यातला पहिलाच हा की जीव जड कशाने होतो. उत्तर मिळालं, प्राणातिपातापासून मिथ्यादर्शनशल्यापर्यंतच्या अठरा पापांनी. ती सोडली की हलका होतो. ही जयंती राणी मृगावतीची नणंद. नणंद-भावजय मिळून समवसरणात गेल्या होत्या. मृगावतीकडे मी पुढे येणार आहे, आधी माझ्या नणंदेच्या घरचं सांगते.

माझ्या नणंदेची मुलगी, माझी भाची, हिचं दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. गाव सांगत नाही. घर चांगलं, माणसं धार्मिक, जावई गुणी. भाची रंगाने सावळी आहे. बायोडाटात तिच्या आईने 'गव्हाळ' लिहिलं होतं, तसं सगळेच लिहितात. आपल्या समाजात सोयरीक जुळताना पत्रिका, शिक्षण, घराणं विचारतात आणि मग आवाज खाली घेऊन रंग विचारतात. तिला लग्नाच्या साड्या घेतानाच ऐकवलं होतं, "लाईट कलर नको, हिला उठत नाहीत." दुकानातला माणूसही लगेच डार्कच्या घड्या उलगडायला लागला. ते ती हसून विसरली.

मग मागच्या वर्षी त्यांच्याकडे एक कार्यक्रम होता. सगळ्या घराचा फोटो काढायचा होता. फोटोवाला माणसं लावत होता, आणि तिच्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अहो, हिच्यावर जरा लाईट मारा, नाहीतर नुसते दातच येतील फोटोत." सगळे हसले. फोटोवालाही हसला आणि त्याने खरंच दिवा तिच्याकडे वळवला. त्या फोटोत ती हसते आहे. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला आहे.

रात्री ती नवऱ्याला म्हणाली की मला ते लागलं. तो म्हणाला, "अगं, मम्मी गंमत करत होती. लाईट घे." माहेरी फोन केला, आई म्हणाली, "संसार म्हटला की चालायचंच बाळा, लाईट घे." मैत्रिणीने तर हसणारा चेहरा पाठवून तेच लिहिलं. मग तिने मला फोन केला आणि विचारलं, "मामी, लाईट घे म्हणजे नक्की काय घेऊ? दिलं ते तर जड होतं."

मी तिला लगेच काही सांगितलं नाही. ऐकून घेतलं. पण तेव्हापासून मी ऐकत आले आहे की लाईट घे हे कोण कुणाला म्हणतं. ज्याने बोललं तो म्हणतो, किंवा ज्याला काहीच झालं नाही तो. ज्याला लागलं तो स्वतः होऊन कधी म्हणत नाही. आणि त्याची दिशा ठरलेली आहे. सून सासूला काही बोलली आणि सासूला लागलं, तर कोणता मुलगा आईला म्हणेल, "मम्मी, लाईट घे"? त्या वेळी तो शब्द कुणाला सुचत नाही. तेव्हा संस्कार, माहेर, मर्यादा असे जाडजूड शब्द निघतात. आम्ही दुकानदार माणसं. गोणी जड की हलकी हे देणाऱ्याने सांगून ठरत नाही. काट्यावर ठेवावी लागते, आणि उचलणाऱ्या हमालाला तर काटाही लागत नाही.

लाईट घे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी मानते. आईला लेकीचं घर टिकायला हवं असतं. लहानसहान गोष्टी लाईट घेतल्याशिवाय एकत्र घर चालतच नाही. भाजीत मीठ कमी म्हटलं, उशीर झाला म्हटलं, ते घ्यावंच लाईट. पण तुंब्यावर मातीचा थर देऊन वर त्यालाच सांगायचं की तू तरंगत राहा, याला मी हलकं करणं म्हणणार नाही. थर आहे हे आधी कुणीतरी म्हणावं लागतं. आपलं प्रतिक्रमण तरी दुसरं काय करतं? व्रताव्रताने, अतिचाराअतिचाराने नाव घेऊन घेऊन म्हणतो, हे झालं, हे झालं. सगळं एकदम 'झालं गेलं' असं तिथे कुठेही नाही.

या वर्षी संवत्सरीच्या दोन दिवस आधी भाचीचा पुन्हा फोन आला. घरच्या ग्रुपवर क्षमापनेचे मेसेज सुरू झाले होते. तेच ते, पणती, कमळ, हात जोडलेले, खाली मिच्छामि दुक्कडम. सासूबाईंनीही पुढे ढकलला होता, सगळ्यांना मिळून एक. सगळ्या सुनांनी खाली हात जोडले होते, हिने नव्हते. तिचा प्रश्न साधा होता. "मामी, त्यांना काय केलं तेच माहीत नाही. मग मी क्षमा कशाची करू?"

तेव्हा मी तिला मृगावतीची गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत आहे, तरी या बाजूने एकदा बघा.

मृगावतीने दीक्षा घेतली आणि ती चंदनबाळेच्या आज्ञेत आली. छत्तीस हजार साध्वींची प्रमुख चंदनबाळा, आणि संसारपक्षाच्या नात्याने मृगावती तिची मावशी. एके दिवशी सगळ्या भगवंतांच्या समवसरणात गेल्या. त्या दिवशी सूर्य आणि चंद्र स्वतः आपल्या विमानांसह दर्शनाला आले होते, त्यामुळे उजेडच उजेड. बाकीच्या साध्वी वेळ ओळखून निघाल्या. मृगावती ऐकण्यात रमली. दिवस मावळला हे तिला कळलंच नाही, कारण दिवस तर समोर बसला होता. सूर्य-चंद्र निघून गेले आणि एकदम काळोख. ती घाईने उपाश्रयात आली. चंदनबाळेने तिला सुनावलं. कुलीन घरातली साध्वी तू, रात्री बाहेर राहणं तुला शोभतं का?

आता बघा, मृगावतीकडे केवढं सबळ कारण होतं. प्रत्यक्ष सूर्य तिथे होता! कुणीही वाद घातला असता. तिने घातला नाही. तिने स्वतःकडे बघितलं, पश्चात्ताप करत राहिली, आणि त्याच रात्री तिला केवलज्ञान झालं. चंदनबाळा झोपली होती, तिचा हात जमिनीवर आला होता. काळोखात एक साप त्या हाताकडे येत होता. मृगावतीने हात अलगद उचलून बाजूला ठेवला. चंदनबाळा जागी झाली. हात का हलवलास? साप येत होता. एवढ्या अंधारात तुला दिसला कसा? आणि मग विचारता विचारता तिला कळलं की हिला आता दिव्याची गरज उरलेली नाही.

गोष्ट इथे संपत नाही, आणि भाचीला मला सांगायचं होतं ते याच्या पुढचं. चंदनबाळा गुरुणी होती, पदाने मोठी. ती म्हणू शकली असती की मी रागावले ते नियमाप्रमाणेच रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. तिने तसं म्हटलं नाही. आपण कुणाला काय बोललो हे तिने समोर धरलं आणि आपल्याहून धाकट्या साध्वीची क्षमा मागितली. ते करता करता तिलाही केवलज्ञान झालं. त्या रात्री त्या खोलीत एकही दिवा नव्हता.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मामी, माझ्या सासूबाई चंदनबाळा नाहीत." मी म्हटलं, तूही मृगावती नाहीस, मीही नाही. पण तुझं जे आहे ते तू सांगू शकतेस. तुझ्या मनात वर्षभर काय साठलं ते तुझं. त्यांनी काय केलं ते त्यांना कळायला हवं असेल तर कुणीतरी सांगायला हवं, आणि तुझ्याशिवाय ते कुणाला माहीत आहे? हे तिच्या आईला पसंत नव्हतं. नणंदबाईंनी मला नंतर फोन करून विचारलंही, "कशाला गं उकरून काढायचं?" मी म्हटलं, उकरायला ते पुरलेलं कुठे आहे, हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय.

संवत्सरीच्या दिवशी संध्याकाळी, प्रतिक्रमणाला बसायच्या आधी, ती सासूबाईंजवळ गेली. तिने काय म्हटलं ते तिने मला शब्दाशब्दाने सांगितलं. "मम्मी, त्या फोटोच्या वेळी तुम्ही म्हणालात ते मला फार लागलं होतं. मी वर्षभर ते मनात ठेवलं, तुमच्याबद्दल राग धरला, त्याबद्दल मी खमावते. आणि ते पुन्हा म्हणू नका."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते तू अजून..." आणि थांबल्या. मग मुहपत्ती बांधली आणि आसनावर बसल्या. प्रतिक्रमण झालं, दुसऱ्या दिवशी पारणी झाली, घर भरलेलं होतं, कुणी काही बोललं नाही. भाचीला वाटलं गेलं सगळं वाया.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी निवडत बसली होती. सासूबाई येऊन समोर बसल्या, त्यांनीही एक जुडी ओढून घेतली. थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, "तेव्हा तिथं कोण कोण होतं गं?"

तिने नावं सांगितली. फोटोवाला धरून अकरा जण होते.